डावीकडचा समुद्र

पश्चिम समुद्राच्या शोधाला आम्ही निघालो आणि मोहिमेचा पहिला अडथळा लिफ्टमध्येच आला. नारळांची पिशवी दारात अडकली. अल कुसैस ही दुबईची शारजाकडच्या टोकाची वस्ती. तिथे एका इमारतीत चौथ्या मजल्यावर माझा मुलगा राहतो. मी पिशवी आतून ओढत होतो, माझे व्याही बापूसाहेब बाहेरून ढकलत होते, आणि लिफ्टचं दार आम्हा दोघांना आळीपाळीने चेपत होतं.

"आप्पासाहेब, तुम्ही हात लावू नका. मी आहे ना," बापूसाहेब म्हणाले.

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

या प्रवासाची एक हकीकत वाईच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आणि माझ्या दोन्ही बहिणींच्या घरी चांगलीच रुजली आहे. तिच्यात बापूसाहेबांना भर वाळवंटात समुद्र दिसतो आणि ऐकणारे पोट धरून हसतात. ती हकीकत मी पसरवली. ती खोटी आहे. तिच्यापायी त्या माणसाची स्कूटर जायची वेळ आली, तरी मी गप्प होतो. म्हणून आता खरं काय घडलं ते क्रमाने लिहितो.

मोहिमेवर आम्हाला धाडलं ते आमच्या नातीने. ईरा अकरा वर्षांची. शाळा अमेरिकन पद्धतीची. स्केटिंग करताना पाय मोडल्यामुळे ती प्लास्टर टीपॉयवर ठेवून दिवाणखान्यात बसून होती आणि तिच्यामुळे माझा मुलगा आणि सून अश्विनी दोघंही घरात अडकले होते. ईराला शाळेच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतल्या एका जुन्या मोहिमेवर प्रकल्प करायचा होता. तो देश तेव्हा पूर्व किनाऱ्याला चिकटून होता. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी फ्रान्सकडून पश्चिमेचा प्रचंड मुलूख विकत घेतला. तिथे राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही. मग आत काय आहे ते बघायला त्यांनी दोन कप्तान पाठवले. नदीने वर जा, डोंगर ओलांडा, पश्चिमेचा समुद्र गाठा, झाडं आणि जनावरं टिपून आणा, आणि वाटेत भेटतील त्या लोकांना पदकं वाटून सांगा की तुमचा नवा बाप आता पूर्वेला बसतो.

मी इतिहासाचा मास्तर. सगळ्या नोकरीत ही मोहीम मी एका वाक्यात उरकली: दोन शूर कप्तानांनी पश्चिमेची वाट शोधली. पुढचा धडा.

"आय ॲम द प्रेसिडेंट," ईराने जाहीर केलं. "तुम्ही दोघं कॅप्टन्स. यू विल गो वेस्ट अँड फाइंड द सी."

"त्यातला मोठा कप्तान कोण?" मी विचारलं.

"दोघं सेम. ॲक्चुअली एक जण पेपरवर लेफ्टनंट होता, पण दुसऱ्याने हे कोणाला सांगितलंच नाही. ही जस्ट कॉल्ड हिम कॅप्टन."

"मग मी लेफ्टनंट," बापूसाहेब लगेच म्हणाले. मी नको म्हटलं नाही.

इथे आमचं नातं सांगायला हवं. बापूसाहेब मिरजेचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ते मुलीचे वडील आणि मी मुलाचा. लग्नाच्या मांडवात त्यांनी माझ्यापुढे मान तुकवली ती पुन्हा वर केलीच नाही. आमच्या दोघांच्याही बायका आता नाहीत, त्यामुळे दुबईत आम्हाला एकच खोली मिळते. एसीचा रिमोट माझ्या उशाशी असतो. मला गारवा लागतो. बापूसाहेब रात्रभर शाल पांघरून कुडकुडतात आणि सकाळी विचारतात, "आप्पासाहेब, उकडलं नाही ना?"

ती शाल सत्काराची. मराठी घरात सत्काराच्या शाली कोणी वापरत नाही, त्या पुढच्या सत्काराला जातात. बापूसाहेबांनी मिरजेहून तशा बऱ्याच आणल्या होत्या. पदकांऐवजी शाल आणि श्रीफळ वाटायचं, असं त्यांनीच सुचवलं, आणि राष्ट्राध्यक्षांनी ते मंजूर केलं.

राहिला प्रश्न गाडीचा. खालच्या मजल्यावरची नसीम रत्नागिरीची, एका विमा कचेरीत अधिकारी. तिचा नवरा दूर पश्चिमेला रुवैसला तेलाच्या कारखान्यात कामाला आहे आणि ती शनिवारी बाळाला घेऊन त्याच्याकडे जाते. हे कळताच ईरा सोफ्यावर एका पायावर उभी राहिली. त्या मोहिमेतही तान्हं बाळ असलेली एक तिथलीच तरुणी होती म्हणे!

"काका, समुद्रच बघायचा तर आपल्या बिल्डिंगपासून वीस मिनिटांवर आहे," नसीम म्हणाली.

"तो पश्चिमेचा नाही," मी म्हणालो.

"पश्चिमेचाच आहे. आणि रुवैसपर्यंत तोच आपल्या उजव्या हाताला राहणार. तरी चला. बाळ रडलं तर धरायला माणसं हवीतच."

अशी मोहीम निघाली. पुढे नसीम आणि मी, मागे बाळाची खुर्ची, बापूसाहेब आणि नारळ. अल क्वोजची गोदामं दिसायला लागली तसे बापूसाहेब सवयीने ओरडले, "अल क्वोज! अल क्वोज! उतरणारांनी पुढे या!" बाळ खदखदून हसलं. मग त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. अबुधाबी येईपर्यंत त्यांनी प्रत्येक पाटी पुकारली. एका पेट्रोल पंपाला तर त्यांनी दहा मिनिटांचा थांबाही जाहीर केला, आणि नसीमने खरंच गाडी थांबवली.

तिथल्या टपरीवर आम्ही करक (दुधात उकळलेला कडक चहा) प्यायलो. चहावाला केरळचा होता. पहिला सत्कार त्याचाच ठरला. बापूसाहेबांनी शाल घातली, मी श्रीफळ हातात दिलं. त्याने शाल मुकाट्याने घेतली, पण नारळ कानाशी नेऊन हलवला, बोटाने वाजवला आणि मान हलवली.

"साब, ये अच्छा नहीं है."

तो आत गेला आणि स्वयंपाकघरातून दुसरा नारळ घेऊन आला. आमचा त्याने ठेवून घेतला, तोही केवळ आमच्या वयाकडे बघून. आम्ही सत्कार करून चांगला नारळ घेऊन निघालो.

अबुधाबी मागे पडलं आणि मुलूख सपाट झाला. खांब, तारा, वाळू आणि मधूनच उंटांसाठी घातलेलं कुंपण. जेवणाची वेळ टळून गेली होती. रुवैस अजून लांब होतं. आणि मला समुद्र दिसला.

मला दिसला. हे वाक्य मी हल्ली रोज एकदा म्हणतो.

डाव्या बाजूला क्षितिजापर्यंत पांढरं निळं पाणी चमकत होतं. लाटा हलताना दिसत होत्या. मी छाती भरून ओरडलो, "समुद्र!"

"काका, डावीकडे?" नसीमने विचारलं. "डावीकडे सौदी आहे."

"सौदीला समुद्र नाही की काय? मी इतिहास शिकवलाय."

"पण भूगोल?"

मी मागे वळून पाहिलं. "बापूसाहेब, समुद्र आहे की नाही?"

बापूसाहेबांनी डोळे बारीक केले. "मीठ वाटतंय," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून पुढे म्हणाले, "असेलही समुद्र. तुम्ही म्हणताय तर असेलच."

नसीमने पुलावरून गाडी वळवली. तिथे टायरांच्या खुणा असलेली एक कच्ची वाट होती, आणि बाळाचा लंगोट बदलायचाच होता. "नक्की ना काका?" "नक्की," मी म्हणालो. समुद्र आमच्यापुढून तेवढ्याच वेगाने मागे सरकत होता. ते मला भरतीओहोटीचं लक्षण वाटलं. मी "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत राहिलो, आणि खालून खाकरा मोडल्यासारखा आवाज झाला. गाडीचं मागचं चाक जमिनीत गेलं.

याला सबखा म्हणतात (वरून मिठाचा टणक पापुद्रा आणि खाली चिखल). नसीम उतरली, चाक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "या अल्ला. काका, समुद्र आला. उतरा." मग बाळाला कडेवर घेऊन ती मदत शोधायला मोठ्या रस्त्याकडे निघाली. बापूसाहेब गाडी ढकलायला गेले आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरले. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अश्विनी होती.

"आप्पा, कुठे पोचलात?"

"जरा थांबलोय. गाडी रुतली आहे. थोडीशी."

"हायवेवर रुतली?"

"रस्ता सोडला होता. समुद्र दिसला म्हणून."

"समुद्र? कुठे?"

"डावीकडे."

मग तिने जपून विचारलं, "कोणाला दिसला?"

मी ठरवून खोटं बोललो नाही. पण अश्विनीच्या माहेरच्या माणसासमोर माझी चूक झाली आहे असं आमच्या घरात आजवर कधी घडलंच नव्हतं. ते कसं करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

"तुझ्या बाबांना," मी म्हणालो.

बापूसाहेब चार हात अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिखलाकडे पाहिलं.

"हो गं, मलाच दिसला," त्यांनी ओरडून सांगितलं. आणि मला कमी पडू नये म्हणून वर म्हणाले, "मोठा होता!"

नसीम परत आली ती एका उंच गाडीत बसून. गाडी खल्फान नावाच्या स्थानिक गृहस्थांची होती. पांढरा शुभ्र पायघोळ झगा, पायांत चपला आणि मोडकं पण बिनधास्त हिंदी. त्यांनी दोर बांधला, "यल्ला!" म्हणून गाडी ओढून काढली आणि आम्हाला विचारलं, "किधर जाता था?"

"समंदर देखने," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मागच्या वाळवंटाकडे बराच वेळ पाहिलं. "दो बुड्ढा अकेला होता तो हम नहीं रुकता," ते म्हणाले. "बच्चा देखा, इसलिए रुका." त्या अमेरिकन मोहिमेतही असंच होई, असं ईराने नंतर सांगितलं. बाई आणि बाळ दिसलं की लोकांना खात्री पटे की ही माणसं लढायला आलेली नाहीत.

खल्फान आम्हाला जवळच्या आपल्या अज़्बावर (उंट आणि शेळ्यांच्या गोठ्यावर) घेऊन गेले. हातपाय धुवायला पाणी, बसायला गालिचा, खजूर, गहवा (वेलदोडा घातलेली बिनदुधाची कॉफी) आणि भलं मोठं वाडगंभर उंटिणीचं दूध. भात येतच होता. आता सत्कार करणं भागच होतं. बापूसाहेबांनी खल्फान यांच्या खांद्यावर शाल घातली, मी केरळी नारळ दिला, आणि राष्ट्राध्यक्षांचा हुकूम होता म्हणून भाषणही केलं.

"खल्फानभाई, आज से ये जमीन हमारी पोती ईरा की है. आप लोगों की नयी माता वही है. वो अल कुसैस में चौथे माले पर रहती है."

खल्फान यांनी गहव्याचा पेला खाली ठेवला. "कितना साल की है?"

"ग्यारह."

"होमवर्क किया उसने?"

"कर रही है."

"उसको बोलो, पहले इधर आके ऊँट का गोबर उठाए. बाद में जमीन ले ले. खलास!" आणि ते इतके हसले की शाल खाली पडली. नसीम हसली, बाळ हसलं, एक उंटही ओरडला.

तेव्हा मीही हसलो. पण नंतर ते मनात घोळत राहिलं. खल्फान हसू शकले, कारण आमच्या मागून कोणी येणार नव्हतं. त्या दोन कप्तानांच्या मागून व्यापारी आले, बैलगाड्यांचे तांडे आले, मग किल्ले, सैन्य, आगगाडी आणि कुंपणं आली. ज्यांनी कप्तानांना जेवू घातलं आणि घोडे दिले, त्यांच्याच जमिनी गेल्या. त्यांच्या हातात पदकं राहिली. हे मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. तेही आता इथे लिहून ठेवतो.

निघताना खल्फान यांनी उलट आहेर म्हणून एक जिवंत शेळी आणून उभी केली. बापूसाहेब गहिवरले. कप्तानांनीही राष्ट्राध्यक्षांना एक जिवंत प्राणी पाठवला होता, त्यामुळे मी शेळीचा कान धरून गाडीचं दार उघडलं.

"काका," नसीम म्हणाली, "दोन कॅप्टन, एक बाळ आणि एक बकरी. बकरीला सीटबेल्ट नाही. कोण उतरतंय बोला."

शेळी तिथेच राहिली, पण ईराच्या नावाने. दर शुक्रवारी तिचा फोटो येतो.

रुवैसला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नसीमच्या नवऱ्याने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. तिथे समुद्र खरा होता. फक्त तो उत्तरेकडे तोंड करून होता, आणि सूर्य आमच्या डावीकडे, जमिनीवरच्या कारखान्याच्या चिमण्यांमागे मावळला. फोटोत आम्ही दोघं सूर्याकडे बोट दाखवतो आहोत आणि समुद्र फोटोत नाही.

नसीम तिथे राहिली. आम्ही दुसऱ्या दिवशी बसने परतलो. बापूसाहेबांनी एकही थांबा पुकारला नाही. घरी काय विचारतील याचा अंदाज त्यांना आला असावा.

घरात आधी थट्टाच झाली. "बाबा, आज बाथरूममध्ये समुद्र आहे का हो?" असं माझा मुलगा रोज विचारू लागला. बापूसाहेब हसून मान डोलवत. मीही वाईला फोन करकरून हकीकत रंगवली. आठवड्याने जेवताना अश्विनी गंभीर आवाजात म्हणाली, "बाबा, मी विचार करतेय. या वयात नसलेलं दिसायला लागलं तर स्कूटर चालवणं बरं नाही. मिरजेला फोन करते, विकून टाकू."

त्या स्कूटरवरून बापूसाहेब रोज सकाळी मिरजेच्या स्टँडवर जातात. तिथे जुने कंडक्टर आणि ड्रायव्हर चहाला जमतात. बायको गेल्यापासून त्यांच्या दिवसात एवढी एकच ठरलेली गोष्ट आहे. मला वाटलं, आता तरी ते बोलतील.

"बरं," बापूसाहेब म्हणाले आणि ताकाचा वाडगा तोंडाला लावला.

दुपारी खोलीत मी विचारलं, "बापूसाहेब, स्टँडवर जायचं कसं मग?"

"रिक्षा मिळते की," ते शालीतून म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका." मी एसी थोडा कमी केला. त्या दिवशी माझी मजल तेवढीच गेली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ईरा माझ्यासमोर भाषणाची तयारी करत होती. "अँड द सेकंड कॅप्टन वॉज नेव्हर रिअली अ कॅप्टन ऑन पेपर. मग सुमारे टू हंड्रेड इयर्सनी त्याला ऑफिशियली कॅप्टन केलं." ती थांबली. "आजोबा, ही वॉज डेड! इतक्या उशिरा काय उपयोग?"

शेजारच्या खोलीतून बापूसाहेबांचा आवाज येत होता. ते मिरजेला कोणाला तरी फोनवर सांगत होते की किक जरा जोरात मारावी लागते, ते घेणाऱ्याला आधीच सांग.

शाळेच्या सभागृहात ईराच्या टेबलावर मोठा नकाशा होता. अबुधाबीच्या पुढे रस्त्याच्या डावीकडे निळ्या खडूने लाटा काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, मिरजेच्या आजोबांचा समुद्र. येणारी प्रत्येक आई त्यावर बोट ठेवून हसत होती. बापूसाहेब शेजारी उभे राहून त्यांना हात जोडत होते. नसीमही बाळाला घेऊन आली होती. मी शेवटची शाल आणि नारळ पिशवीतून काढला.

"उपस्थित बंधू आणि भगिनींनो," मी सुरुवात केली. घसा खाकरला तोच पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलाचा ज्वालामुखी फसफसून उतू गेला आणि सगळे तिकडे वळले. मला पुन्हा सुरुवात करावी लागली, जरा मोठ्याने. "तो समुद्र मला दिसला होता! बापूसाहेबांना नाही! मला! मी खोटं सांगितलं!"

"आप्पा?" अश्विनी म्हणाली. "तुम्हाला? डावीकडे?"

"अगं, आप्पासाहेबांचं काही ऐकू नकोस," बापूसाहेब घाईघाईने मध्ये पडले. "मलाही दिसला असेल थोडा."

"काय वो बापूकाका!" नसीम म्हणाली. "तुम्ही तर मीठ म्हणालात. मी होते ना गाडीत."

बापूसाहेबांची मान खाली गेली. आपला खोटेपणा उघडा पडल्यासारखे ते लाजले. मी त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि अश्विनीला म्हणालो, "स्कूटर विकायची नाही."

ईराने निळा खडू उचलून 'मिरजेच्या' वर काट मारली आणि 'वाईच्या' असं लिहिलं. "सो हू इज द लेफ्टनंट?"

"मी," मी म्हणालो.

अश्विनी मला दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, चमकणारं सगळं तुम्हाला पाणी वाटत असणार. बापूसाहेबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मग मिरजेलाच या. आमच्या गावात हॉस्पिटलं कमी नाहीत."

परतल्यावर मी वाईला न जाता मिरजेला गेलो. एका डोळ्याचं झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. रात्री पंख्याचं बटण बापूसाहेबांच्या हाताशी असतं आणि ते पंखा एकवर ठेवतात. मला उकडतं. अजून मी बोललो नाही. शेळीला पिल्लू झालं, त्याचा फोटो आला. खल्फान यांनी त्याचं नाव प्रेसिडेंट ठेवलं आहे.

काल पट्टी निघाल्यावर बापूसाहेबांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि स्टँडकडे चहाला नेलं. किक खरंच जोरात मारावी लागते. "आप्पासाहेब, धरून बसा," ते म्हणाले, "आणि मध्ये मध्ये रस्ता सांगू नका." इतक्या वर्षांत त्यांनी मला केलेली ही पहिली आज्ञा. मी धरून बसलो.

थोडं पुढे गेल्यावर डावीकडे काहीतरी चमकलं. लांबरुंद, निळसर, हलणारं. मी ओठ घट्ट मिटले.

"तळं आहे ते, आप्पासाहेब," बापूसाहेब वाऱ्यात ओरडले. "खरं आहे. बघा खुशाल."